निळ्या शर्टावरचं घुबड

आमच्या घरात घुबड शिरलं ते एका निळ्या शर्टावर बसून. सासूबाई पुण्याहून सकाळीच आल्या होत्या आणि जेमतेम चहा पिऊन झाला होता. ओला टॉवेल टाकायला त्या बाल्कनीत गेल्या आणि टॉवेल तसाच हातात घेऊन परत आल्या.

"दोरीवर ते कुणाचं आहे?"

मी म्हटलं, धाकटीचा फुटबॉलचा शर्ट आहे.

"त्याच्यावर घुबड आहे," त्या म्हणाल्या. जसं काही मला ते दिसतच नव्हतं.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. माझे दीर बोटीवर इंजिनियर होते. चिलीच्या एका बंदरात त्यांची बोट दुरुस्तीसाठी अडकून पडली, तेव्हा बंदराच्या ऑफिसात ही कामाला होती. पुढे दिरांनी बोट सोडली, दुबईत जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरी धरली आणि तिला लग्न करून इथेच आणलं. पुणं तिला झेपणार नाही आणि तिचा देश आपल्याला झेपणार नाही, दुबई दोघांना मध्ये पडते, असं त्यांचं म्हणणं. नकाशा काढून बघितला तर दुबई अजिबात मध्ये पडत नाही, पण नवीन लग्न झालेल्या माणसाला नकाशा दाखवण्यात अर्थ नसतो. अल कुसैसमधल्या एकाच बिल्डिंगमध्ये आमचे समोरासमोर फ्लॅट होते. तिच्या फ्लॅटला बाल्कनी नव्हती म्हणून तिचे कपडे आमच्याकडे वाळत. लग्नात सासूबाईंनी तिचं नाव बदललं होतं, पण ते नवं नाव कुणाच्याच तोंडी बसलं नाही. मी तिला धाकटी म्हणायची आणि ती मला ताई.

तो शर्ट तिच्या क्लबचा होता. तिच्या देशाच्या राजधानीतल्या विद्यापीठाच्या पोरांनी फार पूर्वी काढलेला क्लब. विद्यापीठाचं चिन्ह म्हणून छातीवर घुबड, कारण तिकडे शिकलेल्या लोकांना घुबड म्हणजे शहाणपण. पण धाकटी सांगायची, क्लबच्या मागे वेडे झालेले निम्मे लोक विद्यापीठाची पायरीसुद्धा चढलेले नव्हते. तिचे वडील विद्यापीठाच्या छापखान्यात कामगार होते. आई ती लहान असतानाच गेली. दर रविवारी वडील तिला खांद्यावर बसवून सामन्याला न्यायचे, आणि दर रविवारी बहुतेक हरून परत आणायचे. तिच्या जन्मापासून क्लब एकदाही देशाचा विजेता झाला नव्हता. मधे तर घसरून खालच्या वर्गात जाऊन बसला, तेव्हा म्हणे स्टेडियममध्ये पूर्वीपेक्षा जास्त गर्दी व्हायला लागली. "ताई, जिंकणाऱ्याच्या मागे कोणीपण जातो," ती म्हणायची. मला क्रिकेटसुद्धा धड कळत नाही, पण हे पटायचं. माझं माहेर असंच आहे, कायम हरणाऱ्या उमेदवाराला मत देणारं.

सासूबाई आल्या होत्या तिच्या बाळंतपणासाठी. आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी. हिचं माहेर पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे, आणि तिथेही आई नाही. परदेशी सून आणली म्हणून त्या मुलाशी बरेच दिवस धड बोलत नव्हत्या, पण दिवस गेल्याचं कळलं तसा त्यांनी स्वतःच फोन केला. "मीच तिचं माहेर," म्हणाल्या, आणि दोन मोठ्या बॅगांत डिंक, अळीव, खारीक, खोबरं भरून व्हिजिट व्हिसावर हजर झाल्या. राग धरणं त्यांना जमायचं, पण काम समोर आलं की त्या राग बाजूला ठेवून देत.

फक्त हे घुबड त्यांना ठेवून देता येईना. धाकटीचं पोट वाढत होतं तसा शर्ट ताणला जाऊन घुबडही फुगत चाललं होतं. सासूबाई तिच्याकडे बघायचं टाळायच्या. शेवटी मला म्हणाल्या, "तू सांग तिला. गर्भारपणात हे अंगावर नको. मी सांगितलं तर सासू बोलली असं होईल."

मी सांगितलं. धाकटी खूप हसली. मग म्हणाली, तिच्या देशातही दक्षिणेकडच्या खेड्यात असंच आहे. तिची आजी तिकडची. हेच एवढंसं घुबड रात्री ओरडलं की आता घरातलं कोणीतरी जाणार, असं आजी म्हणायची. "पण स्टुडंट लोकांनी त्याला शर्टवर घेतला ना. आता तो आपला आहे." आणि खरी अडचण वेगळीच होती. त्या वर्षी क्लब जिंकत सुटला होता. जिंकत असताना शर्ट बदलायचा नाही, असा त्यांच्यातला नियम. वडिलांनी तर तो धुवायलाही मनाई केली होती, ती चोरून धूत होती.

मी दोघींच्या मध्ये दुभाषी. एकीला घुबड अंगावर असणं अशुभ, दुसरीला ते काढणं अशुभ. मी तेव्हा बर दुबईतल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघायची, दिवसभर आकड्यांत डोकं घालून घरी यावं तर हे. तुम्ही दोघीही वेड्या आहात, असं मी मराठीत एकीला आणि इंग्रजीत दुसरीला सांगून टाकलं. सासूबाईंनी थोडा विचार केला आणि तोड काढली. "एरवी घालू दे. पण डोहाळजेवणाला नाही."

डोहाळजेवण आमच्या हॉलमध्ये झालं. बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून फुलं आणली, मीना बझारमधून हिरवी साडी. बिल्डिंगमधल्या बायका जमल्या, ओटी भरली, झाकलेल्या दोन वाट्यांतली एक तिनं उघडली तर बर्फी निघाली. मुलगी, सगळ्या म्हणाल्या. फुलांची वाडी घातलेली ती गोरी पोर इतकी सुंदर दिसत होती की सासूबाईंनी मुद्दाम तिच्या कानामागे काजळ लावलं.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत क्लब जिंकला. शेवटचा सामना बरोबरीत सुटला, पण तेवढी बरोबरी पुरेशी होती. सकाळी सकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. धाकटी फोन कानाला लावून नुसती रडत उभी होती. सासूबाई घाबरल्या, त्यांना वाटलं तिकडे कोणी गेलं. जिंकल्याचं कळल्यावर त्यांनी गुपचूप शिरा केला, निरांजन लावलं आणि तिला पाटावर बसवून ओवाळलं, त्या शर्टासकट. "काही का असेना," मला म्हणाल्या, "पोरीच्या माहेरी आनंद झालाय."

त्यानंतरच्या आठवड्यात बाळ हलायचं थांबलं. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा सगळं संपलेलं होतं, पण बाळंतपण मात्र तिला पूर्ण करावं लागलं. मुलगीच होती. पुढचं सगळं माझे यजमान आणि दीर दोघांनी उरकलं. आम्हा बायकांना नेलं नाही. मी इथे ते वर्णन करणार नाही, मला ते करवत नाही.

घरी आणलं त्या दिवशी मला वाटलं होतं, सासूबाई आता बॅगा भरतील. डिंक, अळीव कोणासाठी? मी ते डबे नजरेआड ठेवायला निघाले तर त्यांनी माझ्या हातातून काढून घेतले. "बाळ नाही म्हणून काय झालं? बाळंतीण आहे ना घरात," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी तिचं सगळं बाळंतपण केलं. रोज सकाळी तेल लावून अंग चोळणं, कढत पाण्यानं न्हाऊ घालणं, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, पोटाला पट्टा. फ्लॅटमध्ये शेगडी पेटवायची सोय नव्हती, तेव्हा अरब लोक ऊद जाळतात तसली मातीची धुपाटणी सूकमधून, म्हणजे जुन्या बाजारातून, आणून तिच्यात ओवा-शेपा टाकून धुरी दिली. दूध आलं. दुधाला कुठे काय कळतं? सासूबाईंनी मऊ धोतराच्या पट्ट्या फाडून तिची छाती बांधली आणि ती रडत असताना तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. पाळण्याशिवायचं असलं बाळंतपण मी आधी पाहिलं नव्हतं, पुढेही पाहिलं नाही.

एका सकाळी तेल लावून घेता घेता धाकटी म्हणाली, "आई, घुबडनी केला ना?"

मी दारात होते. सासूबाईंचा हात थांबला. "नाही गं बाई," त्या म्हणाल्या.

"तुम्ही पहिले बोलला होता. माझी आजी पण बोलायची. तुम्ही दोघी एकमेकींना ओळखत नाही. दोघी चूक कशा?"

मी गणितात पदवी घेतलेली बाई, पण दारातच टॉवेलाच्या घड्या घालत राहिले. सासूबाईंनी मात्र प्रयत्न सोडला नाही. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात पहाटे पिंगळा यायचा त्याची गोष्ट त्यांनी सुरू केली. पिंगळा जोशी लहानशा घुबडाची भाषा जाणतो, दारात उभा राहून घरादाराला चांगलं बोलतो, लोक त्याला सुपातून धान्य घालतात. तुझ्या शर्टावरचं तेच आहे, छोटं, शुभ बोलणारं. मी ते सगळं इंग्रजीत सांगितलं. धाकटीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, पक्षी तोच आहे. आधी तुम्ही त्याला वाईट बोलत होता."

तिनं शर्ट कचऱ्याच्या पिशवीत कोंबला होता. वडिलांचा फोन आला की ती घ्यायची नाही. क्लबचं नावही काढायची नाही. दीर कामावरून आले की दोघं दोन खोल्यांत बसत. मला भीती वाटत होती ती हीच, की आयुष्यभर ही बाई स्वतःच्या अंगावरच्या कापडानं आपलं मूल मारलं असं मानत राहील.

त्या पिंगळ्याच्या गोष्टीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर सासूबाई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होत्या, आणि नऊवारीवर त्यांनी तो निळा शर्ट घातला होता. कचऱ्याच्या पिशवीतून काढून, धुऊन, इस्त्री करून. घुबड बरोबर पदराच्या जागी. माझ्या मुलीनं शाळेतून आल्या आल्या विचारलं, "आजी, व्हाय आर यू वेअरिंग दॅट?" सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण प्रश्न कळला. "येऊ दे काय यायचंय ते माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "बघू ह्याच्यात किती जोर आहे."

व्हिसा संपेपर्यंत त्यांनी तो अंगातून काढला नाही. तो घालून देवाची पूजा केली, तो घालून खालच्या ग्रोसरीत कोथिंबीर आणायला गेल्या. केरळी दुकानदार म्हणाला, "अम्मा, फुटबॉल खेलेगा क्या?" त्या म्हणाल्या, "हां, खेलेगा." धाकटी पहिल्यांदा त्यांना बघून खोलीत निघून गेली. मग काही दिवसांनी बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसायला लागली. एकदा तिनं शर्टाची मान सरळ केली. दीर तर विमानतळावर म्हणाले, "खलास, आई, आता तरी काढ तो." त्या तो घालूनच पुण्याला गेल्या.

त्यानंतर दर शुक्रवारी फोन. सासूबाई तिला बाकी काही विचारायच्या नाहीत, मूल नाही, तब्येत नाही. एकच प्रश्न, "तुझी टीम काय करतेय?" धाकटीला माहीत नसायचं. दोन-तीन शुक्रवार "माहीत नाही" म्हणून झाल्यावर तिला लाज वाटायला लागली. म्हातारीला उत्तर द्यायचं म्हणून तिनं वडिलांचे फोन घ्यायला सुरुवात केली. मग गुरुवारीच निकाल विचारून ठेवायची आणि शुक्रवारी आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत पुण्याला सांगायची. कोणी गोल केला, कोण पडला. सासूबाईंना त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. "चांगलं झालं," म्हणायच्या, "पुढच्या वेळी लक्ष ठेव त्या पोरावर." उन्हाळ्यात धाकटीला पुन्हा दिवस गेले.

आणि जुलैत नणंदेचा फोन आला, माझ्या ऑफिसात. सासूबाईंच्या पोटात गाठ निघाली होती, आणि ती पसरलेली होती. घरून बोलू नकोस असं तिनं बजावलं, म्हणून संध्याकाळी मी एका मैत्रिणीच्या घरून पुण्याला फोन लावला. सासूबाई स्वतः बोलल्या. आवाज नेहमीसारखा, हुकमी. "तिला कळता कामा नये. ती म्हणेल, आईंनी शर्ट घातला म्हणून झालं. मूल होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. तुला माझी शपथ आहे."

मी भांडले. मी म्हटलं, आई, तिला इतकी खुळी समजू नका.

"खूळ मीच घातलंय तिच्या डोक्यात," त्या म्हणाल्या. "किती खोल गेलंय ते मला माहीत आहे, तुला नाही."

आपल्याकडे वाईट बातमी लपवायची फार जुनी सवय आहे. पोराची परीक्षा आहे, कळवू नका. पोरगी बाळंतीण आहे, सांगू नका. त्यात प्रेमच असतं, नाही असं मी म्हणत नाही. दिरांनी, ह्यांनी, नणंदेनं, सगळ्यांनी मान डोलावली. धाकटीला सांगितलं की आईंचे गुडघे गेलेत, डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. ह्या वेळी डोहाळजेवणाला त्या आल्या नाहीत. धाकटी म्हणाली, मग मी जाते पुण्याला. तर तिच्या डॉक्टरीणबाईंनी तिला प्रवासाला मनाई केली, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

शुक्रवारचे फोन आखूड होत गेले. मग एका शुक्रवारी नणंद म्हणाली, आई झोपल्यात. धाकटीनं फोन ठेवला आणि निकाल लिहिलेला कागद घडी करून ठेवून दिला.

सासूबाई गेल्या त्या पुढच्या आठवड्यात. हे आणि दीर पुण्याला गेले. दिरांनी बायकोला सांगितलं, यार्डाचं काम निघालंय, बहरीनला जातोय, इन्शाल्ला लवकर येतो. आईला अग्नी धाकट्या मुलानं द्यायचा ही आमच्याकडची रीत, आणि अग्नी देणाऱ्यानं डोकं भादरायचं. दिरांनी अग्नी दिला आणि न्हाव्याला परत पाठवलं. चुलत-मावस सगळे कुजबुजले. आईसाठी चार केस देववले नाहीत, परदेशात राहून असंच होतं. दीर एवढंच म्हणाले, "मला ह्याच डोक्यानं घरी जायचंय."

इकडे मी धाकटीपाशी. मला सुतक होतं आणि ते पाळता येत नव्हतं. दिवा लावला नाही तर तिच्या लक्षात येईल, म्हणून रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावत होते. तिला गोड खावंसं वाटत होतं, म्हणून सासू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी पुरण शिजवलं. पुरण वाटताना मला रडू आलं तेव्हा तिला सांगितलं, वेलदोड्याची पूड डोळ्यांत गेली. पुढच्या शुक्रवारी आम्ही म्हटलं, पुण्याची लाइन बिघडली आहे.

मुलगी झाली. खणखणीत रडणारी. हॉस्पिटलमध्ये मी तिला मांडीवर घेतलं तेव्हा वाटलं, आता सांगायला हरकत नाही. पण आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो, ओली बाळंतीण आहे, दूध आटेल. मग बारशाची वेळ आली. धाकटीनं पाळणा सजवला आणि दिरांना म्हणाली, "फोन लावा. नाव आई ठेवणार. रागावल्या असल्या तरी नाव त्याच ठेवणार."

दीर खुर्चीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. गाठ, शपथ, बहरीन, सगळं. मी शेजारी उभी राहून घुबडाचंही सांगितलं, की तुझ्या मनात पुन्हा तेच येईल म्हणून त्यांनी आम्हाला बांधून घातलं होतं.

धाकटी ओरडली नाही. बाळाला पाळण्यात ठेवून ती आमच्याकडे वळली. "घुबड?" ती म्हणाली. "ते मी केव्हाच सोडलं होतं, ताई. आईंनी शर्ट घातला त्याच दिवशी. जी बाई माझ्यासाठी ते अंगावर घेते, तिच्यापुढे पक्षी काय करणार? मला वाटलं, आई येत नाहीत, बोलत नाहीत, म्हणजे मी त्यांना नको आहे. इतके महिने मला तेच वाटत होतं."

दिरांनी तोंडावर हात घेतला होता. मग तिनं विचारलं, शेवटी त्या काही म्हणाल्या का.

मला नणंदेनं सांगितलेलं तेवढं ठाऊक होतं. शेवटचे चार दिवस सासूबाईंना धड शुद्ध नव्हती, पण मधेच जाग आली की विचारायच्या, पोरीची टीम जिंकली का. पुण्यात कोणाला माहीत असणार? इकडे फोन करून विचारावं तर धाकटीला संशय आला असता. नणंद आपली म्हणायची, जिंकेल हं, आई.

धाकटी पाळण्याची दोरी धरून उभी राहिली. "जिंकली होती," ती म्हणाली. "ह्या वर्षी पण जिंकली. त्या शुक्रवारी मी तेच सांगायला फोन केला होता. त्यांना उठवायला पाहिजे होतं, ताई."